कॅमेरा नंतर घे, आधी वडिलांना विचार

या आठवड्याचं पत्र:

'सर, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. संध्याकाळी नवी पेठेत मोबाइलच्या दुकानात काम करतो, महिन्याला साडेसात हजार मिळतात. घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये आमचे चार माग आहेत. वडील शेटच्या सुतावर मजुरीनं चादरी विणतात. दीड वर्षापासून मी यूट्यूबवर व्लॉग टाकतोय. 80 व्हिडिओ झाले, सबस्क्राइबर 640. बहुतेक व्हिडिओंना दोनशे-अडीचशे व्ह्यूज येतात. सात महिन्यांपूर्वी वडील माग दुरुस्त करत होते ते सहज अकरा मिनिटं शूट करून टाकलं, त्याला 38 हजार आले. का आले ते कळलं नाही. आता हप्त्यावर 72 हजारांचा कॅमेरा घ्यावा, दुकान सोडावं आणि पूर्ण वेळ हेच करावं असं वाटतंय. एका हॉटेलवाल्यानं दोन हजार देऊन रिव्ह्यू करून घेतला. जेवण बरं नव्हतं, पण मी एक नंबर म्हणालो. एक जण पाच हजारांत चॅनेल मॉनेटाइझ, म्हणजे त्यावर पैसे सुरू करून देतो म्हणतोय. मागाच्या व्हिडिओखाली कुणीतरी वडिलांच्या फाटक्या बनियनवरून वाईट लिहिलं होतं, ते त्यांनी वाचलं. तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाहीत. सर, व्लॉगिंगमध्ये खरंच पैसा आहे का? नाव छापू नका.'

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग तुझं चॅनेल उघडून मागाचा व्हिडिओ पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत बघितला.

चौथ्या मिनिटाला वडील माग बंद करतात. हातानं चाक अर्धा फेरा फिरवतात, मान तिरकी करून ऐकतात, आणि म्हणतात, 'धोटा उशिरा पोचतोय, पिकर झिजलाय.' धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावतो तो, आणि पिकर त्याला फटका देतो. तुझ्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही, मलाही काही दिसलं नाही. त्यांना मात्र ते कानानं कळलं. पिकर बदलताना उभा एक धागा तुटतो. ते तिकडं न बघता दोन बोटांत दोन्ही टोकं धरून गाठ मारतात आणि त्याच वेळी तुला विचारतात, 'दूध आणलंस का?' ती गाठ मी चार वेळा मागं नेऊन बघितली, तरी बोटं कुठून कुठं गेली ते सापडलं नाही.

व्ह्यूज का आले ते तुला कळलं नाही म्हणतोस. यामुळं आले.

त्यानंतर तुझे दुसरे पाच-सहा व्हिडिओ बघितले. 'हाय गाइज' म्हणत तू सात रस्त्यावर चहा पितोस, मॉलमध्ये फिरतोस, मित्राच्या बाइकवर मागं बसून बोलतोस. त्यात वाईट काही नाही. पण तू मुंबई-पुण्याच्या कुणाच्यातरी आवाजात बोलतोयस आणि बघणाऱ्याला ते लगेच कळतं. तो माणूस मूळ आवाजाकडं जाईल, तुझ्याकडं कशाला थांबेल? मागाच्या व्हिडिओत तू वडिलांशी तेलुगूत बोललास, मध्ये आपल्या सोलापुरी मराठीत समजावून सांगितलंस, एकदा 'थांब की जरा' म्हणालास. तिथं तू तू होतास.

आता पैशाचं, कारण तू तेच विचारलं आहेस. पैसा आहे. पण तू जिथं शोधतोयस तिथं तो फार थोडा आहे.

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ 23 एप्रिल 2005 चा. जावेद करीम नावाचा तरुण, यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी एक, अमेरिकेत सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढं उभा राहून 19 सेकंद बोलला. पुढच्या वर्षी गूगलनं ही कंपनी 165 कोटी डॉलरना घेतली. पण तुझ्या-माझ्यासारख्यांच्या दृष्टीनं महत्त्वाचं वर्ष 2007, कारण तेव्हापासून व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या पैशात व्हिडिओ करणाऱ्याला वाटा मिळू लागला. हौसेचा धंदा झाला तो तिथून. आपल्याकडं हे घराघरांत पोचायला 2016 उजाडावं लागलं. जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि बिडीच्या पानांवर कात्री चालवता चालवता बाया मोबाइल भिंतीला टेकवून व्हिडिओ बघू लागल्या. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, सप्टेंबरात यूट्यूबनं शॉर्ट्सची, म्हणजे छोट्या व्हिडिओंची, सुरुवात भारतातूनच केली. आज बघणारे भरपूर आहेत आणि करणारेही भरपूर आहेत.

पत्रासोबत तू यूट्यूब स्टुडिओचे, म्हणजे चॅनेलचे आकडे दिसतात त्या पानाचे, स्क्रीनशॉट पाठवलेस ते बरं केलंस. मागाचा व्हिडिओ लोकांनी सरासरी चार मिनिटं बघितला. 38 हजार गुणिले चार, म्हणजे सुमारे 2,530 तास. बाकीच्या सगळ्या व्हिडिओंचे मिळून गेल्या वर्षभरात जेमतेम अडीचशे तास. यूट्यूबच्या भागीदारीची पहिली पायरी 500 सबस्क्राइबर, 90 दिवसांत तीन व्हिडिओ आणि वर्षभरात 3,000 तास अशी आहे. तिथं सदस्यत्व, सुपर थँक्स वगैरे, म्हणजे बघणाऱ्यानं थेट दिलेले पैसे, सुरू होतात. जाहिरातीचे पैसे दुसऱ्या पायरीवर, 1,000 सबस्क्राइबर आणि 4,000 तास झाल्यावर. म्हणजे पहिल्या पायरीला तुला फक्त सव्वादोनशे तास कमी आहेत, आणि तू पाच हजार घेणाऱ्या माणसाशी बोलतोयस! तो विकतचे सबस्क्राइबर आणि खोटे व्ह्यूज भरणार. यूट्यूबला ते कळतं, असले आकडे ते काढून टाकतात, चॅनेलही बंद करतात. त्याचा नंबर आजच ब्लॉक कर. एक मात्र लक्षात ठेव, हे तास मागच्या 12 महिन्यांचेच मोजतात आणि शॉर्ट्स फीडमधले व्ह्यूज यात धरत नाहीत. सात महिने गेले आहेत. आणखी पाच महिन्यांनी मागाच्या व्हिडिओचे सुरुवातीचे तास गळू लागतील.

समज, दोन्ही पायऱ्या चढलास. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे 55 टक्के तुला, 45 टक्के यूट्यूबला. शॉर्ट्सला उलट, तुझ्या वाट्याचे 45. हजार व्ह्यूजमागं किती पडतात ते विषयावर, महिन्यावर आणि बघणारा कुठल्या देशात बसलाय त्यावर ठरतं. हिशेबापुरते पन्नास रुपये धरू. मग तुझ्या सगळ्यात गाजलेल्या व्हिडिओचे झाले 1,900 रुपये. आणि 72 हजारांचा कॅमेरा फेडायला लागतील 14 लाख 40 हजार व्ह्यूज, व्याज वेगळं. हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येतो, व्ह्यूज तसे येत नाहीत. म्हणून कॅमेरा नको आणि दुकान सोडणंही नको. परीक्षा दे, दुकान चालू ठेव, निदान वर्षभर.

मग पैसा कुठं आहे? तुझ्याच व्हिडिओखाली, कमेंटमध्ये. मी बसून सगळ्या वाचल्या. इचलकरंजीचा एक जण विचारतोय, 'पिकर कुठल्या कंपनीचा वापरता?' मालेगावचा म्हणतो, 'माझ्या मागाला हाच आवाज येतोय, काय करू?' भिवंडीहून दोघं आहेत. तेलंगणातल्या सिरसिल्ल्याहून कुणीतरी तेलुगूत लिहिलंय, वडील बोलतात तशी भाषा आजोबांच्या तोंडून ऐकली होती म्हणून. पुण्याच्या एक बाई विचारतात, 'खरी सोलापुरी चादर ओळखायची कशी?' तू प्रत्येकाला लाल बदाम दिलास आणि उत्तर एकालाही दिलं नाहीस.

पुण्याच्या बाईंचा प्रश्न धरून चाल. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला लावायचं. टेरी टॉवेललाही आहे. तरी पानिपतची चादर 'सोलापुरी' म्हणून देशभर विकली जाते, ही ओरड आपण इतकी वर्षं ऐकतोय. चादर उलटी करून नक्षी कशी बघायची, काठ कसा बघायचा, वजन हातावर कसं तोलायचं, धुतल्यावर काय होतं, हे तुझ्या वडिलांना झोपेतही सांगता येईल. दहा मिनिटांचा असा एक व्हिडिओ दिवाळीच्या महिनाभर आधी टाकलास तर तो पुढची पाच वर्षं लोक शोधून बघतील. तू चहा पितानाचा व्हिडिओ चार दिवसांत शिळा होतो.

असे दहा-बारा व्हिडिओ झाले की गावातले लोक तुझ्याकडं येतील. चादरीच्या दुकानदाराला लग्नसराईच्या आधी व्हिडिओ हवा असतो. टॉवेल निर्यात करणाऱ्याला परदेशातल्या गिऱ्हाइकाला कारखाना दाखवायचा असतो आणि त्याच्या ऑफिसात ते काम येणारं कुणी नसतं. मागाचे सुटे भाग विकणाऱ्याला इचलकरंजीचं गिऱ्हाईक हवं असतं. यांच्यापैकी दोघांचं महिन्याचं काम मिळालं तर ते जाहिरातीच्या वाट्यापेक्षा जास्त पडेल, आणि मागातला 'म' न कळणारा पुण्याचा कॅमेरावाला तुझी जागा घेऊ शकणार नाही. माझ्या मते व्लॉगिंगचा खरा धंदा इथं आहे. चॅनेल ही तुझ्या दुकानाची पाटी, माल आत आहे.

एक धोक्याची गोष्ट, जी बाहेरचा कुणी तुला सांगणार नाही. वडील शेटच्या सुतावर विणतात, म्हणजे नक्षीही शेटचीच. बाजारात न आलेली नक्षी तुझ्या व्हिडिओत दिसली, दुसऱ्या कारखान्यानं ती उचलली, तर वडिलांचं काम जाईल. शूट करण्याआधी मागावर काय चढलंय ते विचार. जुनी, सगळीकडं मिळणारी नक्षी असेल तेव्हाच मागासमोर उभा राहा. शेटलाही एकदा भेटून सांग.

हॉटेलचं. दोन हजार घेतलेस त्याचं मला वाईट वाटलं नाही, कामाचे पैसे घ्यावेत. वाईट वाटलं ते 'एक नंबर' म्हणालास त्याचं. तुझे 640 लोक बहुतेक सोलापूरचेच आहेत. त्यातला एक जण बायकोपोरांना घेऊन तिथं जाईल, सहाशे-सातशेचं बिल भरेल आणि परत तुझ्या शब्दावर चादरसुद्धा घेणार नाही. शिवाय कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा, आणि जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं सोशल मीडियावर बोलणाऱ्यांसाठी नियम काढले. पैसे, फुकट जेवण, भेटवस्तू, काहीही घेतलं असेल तर ते व्हिडिओत स्पष्ट सांगायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. यूट्यूबवर अपलोड करताना 'पेड प्रमोशन'ची चौकट असते, तिथं टिक करायची. तो व्हिडिओ काढून टाक, हॉटेलवाल्याचे दोन हजार परत कर. जड जाईल, पण कर. पुढच्याला आधीच सांग, पैसे शूटिंगचे आहेत, मत माझं राहील. जो नको म्हणेल त्याला जाऊ दे.

कागदपत्रांचं थोडक्यात. 10 डॉलर जमले की गूगल टपालानं पिन पाठवतं, तो टाकल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. पूर्व भागातले पत्ते कसे असतात तुला माहीत आहे, घर नंबर, गल्ली, पिनकोड नीट घाल आणि पोस्टमनला सांगून ठेव. 100 डॉलर झाल्यावर बँकेत येतात. अमेरिकेच्या कराचा फॉर्म ऑनलाइन भर. भरला तर फक्त तिथल्या प्रेक्षकांकडून आलेल्या पैशावर 15 टक्के कापतात. नाही भरला तर सगळ्या कमाईवर 24 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात. तू बी.कॉम.चा आहेस, आवकजावकीची वही तू मला शिकवशील.

सामानाचं मी अधिकारानं सांगतो, कारण बावीस वर्षं मी लग्नाचं शूटिंग केलंय. तुझा फोन पुरे आहे. कमी आहे तो आवाज. दीड-दोन हजारांत कॉलरला लावायचा माइक येतो, तो घे. माग चालू असताना बोलू नकोस, त्या खडखडाटात कुठलाच माइक टिकत नाही. सुरुवातीला पाच सेकंद तो आवाज येऊ दे, मग माग थांबवून बोला. शेडमधले कापसाचे तंतू लेन्सवर बसतात, तुझ्या व्हिडिओत मधे धुकं आल्यासारखं दिसतं ते त्यामुळं. प्रत्येक वेळी मऊ कापडानं पूस. सकाळी नऊ ते अकरा पत्र्यातल्या पारदर्शक पट्टीतून ऊन येतं, ते तुझं लायटिंग. तेलुगू बोलणं कापू नकोस, खाली मराठी लिही. सिरसिल्ल्याचा माणूस त्यासाठीच आला होता. आणि फोन हातात धरून पट्ट्याच्या जवळ जाऊ नकोस. धोटा सुटून लागलेली माणसं आपल्याकडं कमी नाहीत.

चॅनेलला दोन टप्प्यांची सुरक्षा लाव, आजच. सारोळा कासारच्या सुमन धामणे, ज्यांना सगळे 'आपली आजी' म्हणून ओळखतात, त्यांचं चॅनेल नातवानं उभं केलं, आजीचा कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ लाखोंनी बघितला आणि मग 2020 मध्ये ते हॅक झालं. परत मिळालं, पण ते दिवस त्या घरानं कसे काढले असतील याचा विचार कर. त्या आजीनंही काही वेगळं केलं नव्हतं, घरचं जेवण तिच्या पद्धतीनं रांधून दाखवलं होतं.

आता वडील.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. व्हीएचएसचा जमाना, खांद्यावर कॅमेरा, मागं हॅलोजन धरलेला पोऱ्या. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कार्यालयात लग्न होतं. मानपानावरून काहीतरी बिनसलं आणि नवरीच्या वडिलांनी मांडवाच्या कोपऱ्यात व्याह्यांपुढं हात जोडले. मी कॅमेरा त्यांच्यावर नेला. चांगला शॉट वाटला, तोंडावर उजेडही बरोबर होता. एडिटिंगला तो काढला नाही, मागं शहनाई टाकली. महिनाभरानं मुलीच्या सासरी सगळे कॅसेट बघायला बसले, मी पैसे घ्यायला गेलो होतो म्हणून तिथंच होतो. वडीलही आलेले. तो शॉट आला आणि खोलीत कुणी काही बोललं नाही. वडील उठले, चप्पल घातली आणि पाणीही न पिता गेले. ती मुलगी माझ्याकडं बघत होती. मी नंतर कॅसेट परत मागून तो भाग पुसून दिला, पण पुसून काय होतं! त्यानंतर मी कुणाच्या रडक्या तोंडावर विचारल्याशिवाय कॅमेरा नेला नाही.

माझी कॅसेट पंचवीस माणसांनी बघितली होती. तुझा व्हिडिओ 38 हजार वेळा बघितला गेलाय.

बनियन फाटकं होतं, कारण मागावर नवं कुणी घालत नाही. तेल लागतं, तंतू चिकटतात, उकडतं. ते त्यांचे कामाचे कपडे होते आणि ती त्यांच्या घरातली जागा होती. तू विचारलं नव्हतंस. कुणा परक्यानं लिहिलं याचा राग त्यांना असेलच, पण माझा अंदाज असा की तू ती कमेंट बघूनही तशीच ठेवलीस, हे त्यांना जास्त लागलंय. मी आज बघितलं, ती अजून तिथंच आहे. हे वाचून संपायच्या आत ती काढ. त्या माणसाला चॅनेलवर लपवून टाकण्याची सोय स्टुडिओत आहे, नको ते शब्द अडवण्याचीही आहे, दोन्ही वापर.

मग वडिलांकडं जा. माग बंद असतील अशा वेळी, रविवारी वगैरे. फोन खिशात ठेवून जा. चूक झाली म्हण. त्यांना इचलकरंजीचा, मालेगावचा प्रश्न वाचून दाखव. सिरसिल्ल्याची तेलुगू कमेंट दाखव. त्यांनी कधी ऐकलं नसेल की त्यांच्या हाताकडं बघायला कुणी इतक्या लांबून येतं. व्हिडिओ ठेवायचा की काढायचा ते त्यांना ठरवू दे. काढ म्हणाले तर काढ, 2,530 तास गेले तरी चालतील. पुढं करायला तयार झाले तर प्रत्येक व्हिडिओ टाकण्याआधी त्यांना बसवून दाखव आणि जो पैसा येईल त्यातला त्यांचा वाटा त्यांच्या हातात दे. घरखर्चात गेला म्हणून सांगू नकोस. आई आणि बहीण स्वतःहून पुढं आल्याशिवाय त्यांच्यावर कॅमेरा न्यायचा नाही.

तयार झालेच, तर पहिला व्हिडिओ मालेगावच्या माणसासाठी कर. 'माझ्या मागाला हाच आवाज येतोय' म्हणणाऱ्यासाठी. वडील काय ऐकतात ते त्यांना सांगू दे, पिकर झिजल्यावर आवाज कसा बदलतो, आधी कसा असतो, नंतर कसा. कॅमेरा सुरू करण्याआधी त्यांना विचार, शर्ट घालायचाय का. घालतो म्हणाले तर थांब, बनियनवरच बसतो म्हणाले तर बसू दे.

आणि ती गाठ एकदा सावकाश मारून दाखवायला सांग. मला अजून कळलेली नाही.

तुझा,
सदरलेखक